रंगाखालचं मिग

आमच्या चौकात उभं केलेलं जुनं लढाऊ विमान, मिग-२१, उत्तम स्थितीत आहे असं गावात सगळ्यांना वाटायचं, कारण दर २६ जानेवारीच्या आधी त्याला नवा रंग लागायचा. लांबून ते झळझळीत दिसायचं. मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे माझी नजर जायची ती पंखांच्या कडेला रंग फुगून आला होता तिथे. अ‍ॅल्युमिनियमवरचा रंग असा फुगतो, तेव्हा त्याच्या आत धातूची पांढरी भुकटी होत असते. वरून कितीही हात मारले तरी ती थांबत नाही. उलट ओल आतच कोंडली जाते आणि काम अधिक वेगाने बिघडतं.

नाशिककडच्या माणसाला मिग परकं वाटत नाही. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ साली, ओझरला एचएएलचा, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, कारखाना आला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला अशी कामाची वाटणी होती. सुरुवातीला रशियातून आलेले सुटे भाग जोडायचे, पुढे कच्च्या मालापासून सगळं विमान इथेच उभं राहू लागलं. हवाई दलात ८७० हून अधिक मिग-२१ आली, त्यातली सहाशेच्या वर एचएएलने बनवलेली. द्राक्षबागांवरून जाणारा तो आवाज ऐकत आमच्याकडच्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. चौकातलं विमान या मालिकेतल्या सुरुवातीच्या जातीचं, मिग-२१ एफएल. कारखान्यातली माणसं त्याला ‘टाइप ७७’ म्हणतात.

१९७१ च्या युद्धात हीच जात लढली. १४ डिसेंबरला ढाक्यातल्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेट्स डागली ती २८ स्क्वाड्रनच्या मिग-२१ विमानांनी. त्याआधी दोनच दिवस कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी एफएलमधूनच पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर तोफेने पाडलं होतं. डिसेंबर २०१३ मध्ये कलाईकुंडा तळावर एफएल निवृत्त झालं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये मिग-२१ चा सगळा ताफाच थांबला. उडणारं एकही उरलं नाही म्हणजे आता जी जमिनीवर आहेत तेवढीच आपली.

आणि जमिनीवरच्या वस्तू आपण कशा सांभाळतो, ते मी विक्रांतच्या बाबतीत बघितलं होतं. जुनी विमानवाहू युद्धनौका विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी तिच्यावर गेले होते. तिच्याच डेकवरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी १९७१ मध्ये कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले होते. पोरं तोंडात बोट घालून बघत होती. २०१२ मध्ये जहाज धोकादायक झालं म्हणून संग्रहालय बंद झालं. वाचवण्यासाठी लोक उच्च न्यायालयात गेले, सर्वोच्च न्यायालयात गेले. शेवटी सुमारे ६० कोटी रुपयांना लिलाव झाला, २०१४ च्या मे महिन्यात तिला मुंबईतच दारूखाना या जहाज तोडायच्या जागी ओढत नेलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तोडायला सुरुवात झाली. तिच्या पोलादाचा अंश घातलेली एक मोटरसायकल २०१६ साली बाजारात आली. ती विकत घेणाऱ्यांच्या भावना खऱ्याच होत्या, पण ज्या डेकवर उभं राहून मी मुलांना विमानांच्या उड्डाणासाठीचा पुढचा चढ दाखवला होता ते डेक राहिलं नाही. जहाज पाण्यात ठेवायला किती खर्च येतो हे मला कळतं. म्हणूनच वाटलं, एक छोटं विमान, ज्याच्या पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत सात मीटरपेक्षा थोडीच जास्त आहे, ते तरी आपल्या आवाक्यातलं आहे.

आम्ही जमलो ते असे: कॉलेजमधले काही जण, माझे काही माजी विद्यार्थी, एक बॉडी पेंटिंगचं गॅरेज चालवणारे दादा, आणि ओझरहून निवृत्त झालेले एक फिटर काका. काकांनी सत्तरी कधीच ओलांडली आहे. तरुणपणी ते टाइप ७७ च्या मधल्या भागावर रिव्हेटिंग करायचे. ते नसते तर यातलं काहीच झालं नसतं.

पहिलं काम कागदाचं. चौक ज्यांच्या ताब्यात, त्या कार्यालयात विमानाची फाइल कुणालाच सापडेना. विमान कधी आलं, कुणी दिलं, देताना कोणत्या अटी घातल्या, काहीच नाही. रंगकामाची बिलं मात्र सगळी होती. आम्ही आधी परवानगी मागितली ती फक्त बघायची आणि फोटो काढायची. हा सल्ला मी कुणालाही देईन. ‘दुरुस्ती करतो’ म्हटलं की अधिकारी बिचकतात आणि ते बरोबरच आहे, कारण सरकारी मालाला हात लावायचा असतो. ‘पाहणी करून लेखी अहवाल देतो, पैसे नकोत’ म्हटलं की दार उघडतं. अहवाल फोटोंसकट टेबलावर गेला, मग पुढच्या परवानगीवर सही झाली. हवाई दलालाही पत्र गेलं. ते मी सगळ्यात आधी लिहायला घेतलं होतं, कारण एका प्रश्नाचं उत्तर फक्त तेच देऊ शकत होते: आसनातली स्फोटक काडतुसं काढलेली आहेत का?

लढाऊ विमानात वैमानिकाला बाहेर फेकणारं आसन असतं, ते काडतुसावर चालतं. कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, उडवणारी यंत्रणाही तशीच. एफएलमध्ये तर कॅनॉपी पुढच्या बाजूला उघडते आणि आसनासोबतच सुटून वाऱ्याच्या माऱ्यापासून वैमानिकाची ढाल होते. त्यानंतरच्या मिगची कॅनॉपी बाजूला उघडते, जात ओळखायची ही सोपी खूण. विमान देताना ही काडतुसं काढूनच देतात, तरी लेखी खात्री झाल्याशिवाय कॉकपिटला हात लावायचा नाही, असं काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं. दुसरी ताकीद माझी होती. जुन्या विमानांच्या काही डायलवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असायचा. चमक काही वर्षांत जाते, पण रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं आहे. म्हणून कुठलीही काच उघडायची नाही, काही खरवडायचं नाही, डायल घरी आठवण म्हणून न्यायची तर मुळीच नाही.

हवाई दलाकडून हिरवा कंदील मिळाला तेव्हा पावसाळा संपला होता. तरीही काम सुरू झालं नाही, कारण जेट पाइपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मागच्या नळीत, पारव्यांची अंडी होती. मिगच्या नाकातल्या हवेच्या तोंडातून आणि मागच्या नळीतून पक्षी आत जातात, त्यांना उंच, अंधारं, मांजर न पोचणारं घर मिळतं. पारव्याची अंडी साधारण १८ दिवसांत फुटतात, पिल्लं उडायला आणखी महिनाभर. गटात यावर थोडी धुसफूस झाली. मला त्यात वेळ वाया गेला असं वाटलं नाही. तेवढ्या काळात आम्ही प्रत्येक पत्र्याचा, प्रत्येक झाकणाचा फोटो काढला आणि विमानाचा नकाशा करून त्यावर खुणा केल्या. पिल्लं उडाल्यावर आत जी विष्ठा निघाली ती पोत्यांनी मोजावी लागली. ती धातूला खाते आणि माणसाच्या फुप्फुसालाही वाईट, त्यामुळे मास्क आणि हातमोजे घालून, आधी पाणी शिंपडून, मग उचलली. नंतर दोन्ही तोंडांना बारीक जाळी बसवली, आतून, म्हणजे बाहेरून दिसणार नाही.

यानंतर पाणी. उघड्यावरच्या विमानाचा खरा शत्रू पाऊस नाही, अडकलेलं पाणी आहे. विमानाच्या पोटाला जागोजागी बारीक भोकं ठेवलेली असतात, आत साठलेला दव-पाऊस त्यातून निघून जावा म्हणून. आमच्या विमानाची ही सगळी भोकं रंगाने आणि लांबीने (पुट्टीने) बुजलेली होती. कुणीतरी ‘छिद्रं पडलीत’ असं समजून अगदी निगुतीने भरली होती. काकांनी बांबूची काडी तासून घेतली, लोखंडी तार वापरू दिली नाही. पहिलं भोक मोकळं झालं तसं काळपट पाणी बाहेर आलं आणि बराच वेळ येतच राहिलं. पावसाळा संपून इतके आठवडे झाले तरी ते आत होतं. काका शांतपणे म्हणाले, “ताई, रंगाचा खर्च करण्याआधी एवढं केलं असतं तरी पुरलं असतं.”

त्या पाण्याने काय केलं ते डाव्या पंखाच्या मुळाशी दिसलं. विमानाचा पत्रा शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा नसतो, त्यात तांबं आणि थोडं मॅग्नेशियम असतं. तांब्यामुळे ताकद येते आणि तांब्यामुळेच तो ओलीत लवकर सडतो. सडणं सुरू झालं की धातूच्या कणांच्या थरांमधून ते पसरत जातं आणि पत्रा चिरोट्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो. हे टाळायला कारखान्यात या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर चढवलेला असतो. तो थर म्हणजे विमानाची खरी कातडी. दर वर्षी रंगाआधी जे घासकाम व्हायचं, त्यात हा थर काही ठिकाणी पार निघून गेला होता. चकाकी यावी म्हणून कुणी कधी अ‍ॅसिडनेही धुतलं असावं, खाली ओघळाचे डाग तसे स्पष्ट होते. अ‍ॅल्युमिनियम आम्लातही विरघळतं आणि अल्कलीतही. त्यामुळे टॉयलेट क्लीनर नको तसा धुण्याचा सोडाही नको. आम्ही उदासीन, सौम्य साबण, मऊ ब्रश आणि साधं नळाचं पाणी वापरलं. साबण खालून वर लावत गेलो, म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत, आणि धुताना वरून खाली. गाड्या धुण्याचा प्रेशर पंप देऊ करणारे बरेच भेटले. त्यांना हात जोडून नाही म्हणावं लागलं, कारण तो पाणी सांध्यांच्या आत ढकलतो.

लोखंडाबद्दल काका फार कडक होते. कुणीतरी एका झाकणाला साधे लोखंडी स्क्रू मारले होते. प्रत्येक स्क्रूभोवती अ‍ॅल्युमिनियमला खड्डा पडला होता. दोन वेगळे धातू, मध्ये ओल, की त्यांची बॅटरी तयार होते आणि त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. वर्गात मी हे झिंक आणि तांब्याच्या पट्ट्या घेऊन शिकवते. इथे माझ्या विद्यार्थ्यांनी ते बोटाने चाचपून बघितलं. वायर ब्रशलाही याच कारणाने मनाई, त्याचे बारीक पोलादी कण पत्र्यात रुतून बसतात.

मग आम्ही रंगाकडे वळलो, आणि मला सगळ्यात जास्त आनंद इथे मिळाला. गॅरेजवाल्या दादांची इच्छा होती की सगळा रंग उतरवून विमान नव्यासारखं करावं. त्यांच्या हातात कौशल्य आहे, त्यांनी ते सुंदर केलंही असतं. पण रंगाचे थर म्हणजे विमानाची जन्मकहाणी असते. आम्ही कॉकपिटच्या खाली तळहाताएवढी जागा निवडली आणि अगदी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, एकेक थर मोकळा करत खाली गेलो. वर चौकातले चंदेरी ऑइलपेंटचे थर, एकावर एक. त्याखाली निळसर एक. मग हिरवा छलावरणाचा रंग, हवाई दलाचा. आणि त्याच्याही खाली मूळ चंदेरी. ऐन युद्धाच्या सुमारास चकाकणारी विमानं वरून दिसू नयेत म्हणून घाईने हिरवी केली गेली, तो बदल आमच्यासमोर तळहाताएवढ्या जागेत उमटला होता. कडेला बारीक अक्षरांतल्या सूचना दिसू लागल्या: इथे पाय ठेवू नका, इथे उचला. एक विद्यार्थी उत्साहाने जोरात घासायला लागला तसे काका ओरडले, “पोरा, कागद खाली ठेव. ते अक्षर कुणीतरी स्टेन्सिल धरून मारलंय.”

मागच्या बाजूला विमानाचा क्रमांक शोधताना आणखी एक गोष्ट निघाली. चौकात रंगवलेल्या क्रमांकाचा शेवटचा अंक इंग्रजी 8 होता, खालून निघाला तो 3. दर वर्षी रंगवणारा आधीच्या अक्षरांवरून गिरवत गेला आणि 3 ची पोटं हळूहळू मिटली. म्हणजे इतकी वर्षं चौकातली पाटी दुसऱ्याच विमानाची ओळख सांगत होती. क्रमांक बरोबर असेल तरच ते विमान कुठल्या स्क्वाड्रनमध्ये होतं, कोण उडवत होतं, हे शोधता येतं. क्रमांक चुकला की ते कुठलंही एक विमान होऊन बसतं. पाटी बदलायला सांगितली आणि ती बदलली गेली, हे मी मुद्दाम नोंदवते.

पोटाखाली काकांना तोफेचा गोंडोला, म्हणजे तोफ बसवलेली पेटी, अडकवायच्या जागा सापडल्या. एफएल मुळात तोफेशिवाय आलं होतं, फक्त क्षेपणास्त्रांवर भरवसा ठेवून. नंतर पोटाखाली २३ मिलिमीटरची दुहेरी नळीची तोफ अडकवायची सोय झाली. काकांनी तो बिंदू अंगठ्याने दाबून बघितला आणि म्हणाले, “हे आमच्याकडचं काम.” आमच्याकडचं म्हणजे नेमकं त्यांच्या पाळीचं की आणखी कुणाच्या, हे मी विचारलं नाही.

दादांशी झालेला वाद शेवटी असा मिटला: सडका भाग साफ करून त्यावर एपॉक्सी प्रायमर आणि मग पॉलियुरेथेन रंग. पूर्वी विमानांना पिवळसर झिंक क्रोमेट प्रायमर लावत, तो धातूला चांगला पण त्यातलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं, म्हणून तो टाळला. घासताना जुन्या प्रायमरची धूळ उडू नये यासाठीही सगळं पाण्यात भिजवूनच केलं. रंगाची छटा खालून मिळालेल्या थराशी जुळवली. थर दाखवणारी ती तळहाताएवढी खिडकी मात्र पारदर्शक वॉर्निश मारून तशीच ठेवली. येणारे-जाणारे विचारतात, इथला रंग राहिला का? शेजारी छोटी पाटी लावली आहे आणि आता शाळेची पोरं तिथेच जास्त वेळ उभी राहतात.

कॅनॉपी अ‍ॅक्रिलिकची असते. उन्हाने पिवळट झालेली, बारीक तड्यांनी भरलेली. थिनर किंवा स्पिरिट लावलं तर तडे झटक्यात वाढतात, म्हणून फक्त साबणपाणी आणि सुती कापड. तिला कापडी आच्छादन शिवून घेतलं. प्लास्टिक नको, ते ओल धरतं. टायरवरचा भार काढायला खाली जॅकसारखे स्टँड दिले. आणि चौकातल्या माळीदादांना तुषार सिंचनाचं तोंड फिरवायला सांगितलं. बोअरचं जड पाणी रोज संध्याकाळी चाकांवर उडत होतं. अख्ख्या कामातला हा सगळ्यात स्वस्त आणि कदाचित सगळ्यात उपयोगी बदल.

या काळात मी गोव्याला बोगमाळोजवळचं नौदलाचं हवाई संग्रहालय मुद्दाम पाहून आले. तिथे सी हॉक आणि अलिझेपासून भल्यामोठ्या सुपर कॉन्स्टेलेशनपर्यंत विमानं उघड्यावर, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभी आहेत. प्रशिक्षित माणसं आणि शिस्त असूनही खाऱ्या हवेशी झुंजणं किती अवघड आहे ते तिथे दिसतं. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात वेस्टलँड वापिटी आहे, हवाई दलाचं १९३३ सालचं पहिलं विमान. जगात उरलेलं हे एकच वापिटी, आणि ते टिकलं कारण ते छपराखाली आहे.

लिबरेटरची गोष्ट मी मुलांना नेहमी सांगते. दुसरं महायुद्ध संपल्यावर कानपूरला ब्रिटिशांनी आपली लिबरेटर बाँबर विमानं टाकून दिली, पुन्हा उडू नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून. १९४८ पासून एचएएलच्या माणसांनी त्या ढिगातून चाळीसएक विमानं उभी केली, चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती जेमतेम जोडलेल्या अवस्थेत बंगळूरला उडवत नेली आणि हवाई दलाने १९६८ पर्यंत वापरली. आज लंडनच्या, ओटावाच्या, अ‍ॅरिझोनाच्या संग्रहालयात दिमाखात उभी असलेली लिबरेटर्स यातलीच आहेत. इतर देशांनी भंगार करून टाकलेलं विमान जगाला आपल्याकडून मिळालं. हे करणारे हात आपल्याकडे होते आणि त्या परंपरेतले थोडे अजूनही आहेत, आमच्या काकांसारखे. त्यांना विचारणारं कुणी नाही, याचं मला वाईट वाटतं.

ताफा निवृत्त झाल्यापासून बऱ्याच गावांना, कॉलेजांना आपल्या दारात मिग हवं असणार. मागा, जरूर मागा. पण चौथऱ्याचं अंदाजपत्रक करण्याआधी छपराचं करा. साधं पत्र्याचं, चारी बाजू मोकळं, वारा खेळता ठेवणारं छप्पर. ते परवडत नसेल तर वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, भोकं मोकळी करणारा एक माणूस नावानिशी नेमा. आमच्याकडे आता एक वही आहे. कोण आलं, काय तपासलं, कुठलं भोक बुजलं होतं, कुठे भुकटी दिसली, सगळं तारखेसह. गेल्या पावसाळ्यानंतर पोटातून पाणी निघालं नाही.

डाव्या पंखाचं मूळ मात्र अजून तसंच आहे. आम्ही पापुद्रे साफ करून ते झाकलंय, पण आतला भाग उघडून बघायला पत्रा सोडवावा लागेल आणि पुन्हा बुडीत रिव्हेट मारावे लागतील. काकांचे हात आता थरथरतात. ते शेजारी बसून सांगतील, करणारा कुणीतरी दुसरा हवा. ओझरच्या कारखान्यात टाइप ७७ च्या पंखावर काम केलेलं कुणी तुमच्या घरात, गल्लीत, नात्यात असेल तर त्यांना हे वाचून दाखवा. येत्या हिवाळ्यात पंख उघडायचा आहे, छपराचा प्रस्तावही तोवर पुन्हा टेबलावर जाईल.